दाट रंगाचा एकच हात

बाटलीतला दाट ॲक्रिलिक रंग जसाच्या तसा कुंचल्यावर घेऊन छोट्या प्रतिकृतीवर त्याचा एकच भरघोस हात दिला म्हणजे खालचा पृष्ठभाग पुरता झाकला जातो, आणि त्यात पाणी मिसळणे म्हणजे रंगाचे सत्त्व नासवणे, हा समज प्लॅस्टिकची विमाने व चिमुकले सैनिक रंगवणाऱ्यांकडून इतक्या वेळा आणि इतक्या निःशंकपणे कानी येतो, की त्याचा एकदा सविस्तर परामर्श घेणे प्राप्त आहे. हा समज समूळ चुकीचा आहे, आणि मेहनतीने जोडलेल्या कित्येक सुंदर प्रतिकृती त्याच्यापायी विद्रूप होतात.

दाटपणा निराळा आणि झाकण्याची शक्ती निराळी. ॲक्रिलिक रंगाला दाटपणा पुष्कळ अंशी त्यात मुद्दाम घातलेल्या घट्टकारक द्रव्यांमुळे येतो. रंगद्रव्याच्या प्रमाणाशी त्याचा संबंध असतोच असे नाही. कोणास शंका असल्यास अमेरिकेतील गोल्डन या रंगनिर्मात्या कंपनीचा दाखला पाहावा : तिचे प्रवाही ॲक्रिलिक रंग सहज ओघळण्याइतके सैल असूनही त्यांतील रंगद्रव्य तिच्याच लोण्यासारख्या घट्ट रंगांच्या तोडीचे असते. रंग झाकतो तो रंगद्रव्य आणि त्याचे कण धरून ठेवणारे बंधक यांच्या अपवर्तनांकांतील, म्हणजे प्रकाश वळवण्याच्या क्षमतेतील, तफावतीमुळे. ॲक्रिलिक बंधकाचा अपवर्तनांक सुमारे १.५, तर टायटॅनियम डायऑक्साइडचा सुमारे २.७ आहे; म्हणून ते द्रव्य मुबलक असलेला फिकट करडा रंग झटकन झाकतो, आणि पुष्कळसे सेंद्रिय पिवळे व तांबडे रंग, त्यांची तफावत अल्प असल्यामुळे, कितीही जाड थापले तरी पारभासकच राहतात. काळ्या प्रायमरवर, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरावर, पिवळा चढत नाही म्हणून त्याची जाडी वाढवीत राहणे हा निव्वळ अविचार आहे. खाली आधी फिकट तपकिरी किंवा मळकट पांढरा हात द्यावा, म्हणजे तक्रारीस जागा उरत नाही.

आता मोजमापाकडे पाहावे. १:७२ प्रमाणातील विमानावर रंगाचा थर केवळ ०.१ मिलिमीटर जाड झाला, तरी मूळ विमानाच्या हिशेबाने ती जाडी ७.२ मिलिमीटर ठरते. पत्र्यांच्या सांध्यांच्या ज्या बारीक रेषांसाठी कारागिराने साचा कोरला, त्या अशा लेपाखाली बुजून जातात. शिवाय कुंचल्याच्या केसांनी उमटलेल्या सरी पृष्ठताणामुळे सपाट होऊ पाहतात, परंतु रंग दाट असला तर ते काम पुरे होण्यापूर्वीच पाणी उडून जाते आणि सरी कायमच्या राहतात.

म्हणून रंग निरशा दुधाइतका पातळ करावा, भरलेला कुंचला कापडावर टेकवून जादा ओल काढून टाकावी, आणि पहिला हात पूर्ण वाळल्याची खातरजमा करूनच दुसरा द्यावा. पाण्याने रंगद्रव्य नष्ट होत नाही, ते फक्त दोन-तीन हातांत वाटले जाते. सिटाडेल रंग विकणाऱ्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीच्या चित्रफितींतून डंकन ऱ्होड्स यांनी दोन पातळ हातांचीच शिफारस वारंवार केली. आपल्या मालाचे सत्त्व घालवण्याची शिकवण कोणती कंपनी देईल? पहिला हात ठिगळठिगळ दिसतो, तो तसाच दिसावयाचा. तेथे धीर सोडून ओल्यावर पुन्हा कुंचला फिरवणाराच अर्धवट वाळलेला पापुद्रा उखडतो.

पातळ करणे इष्ट म्हणून वाटेल तितके पाणी चालते, हेही खरे नव्हे : बंधक विरळ होऊन थर कमजोर होतो, तेव्हा अधिक पातळ रंग हवा असेल तेथे पाण्याऐवजी ॲक्रिलिक मिडियम, म्हणजे रंगद्रव्याविना बंधक, घालावे. प्रत्येक रंगाला पाणी चालते हा समज एनॅमलच्या बाबतीत गैरलागू आहे. त्याला व्हाइट स्पिरिट लागते. प्रायमर ऐच्छिक नाही. गुळगुळीत प्लॅस्टिकवर पातळ रंग आकसून थेंब धरतो. आणि थंड इंग्लंडातल्या सवयी विदर्भातल्या वैशाखात बिनदिक्कत उचलू नयेत. तेथे रंग कुंचल्यावरच सुकतो, तेव्हा रंग ओलसर ठेवणारी ओली पॅलेट आणि वाळणे लांबवणारा किंचित रिटार्डर यांची तजवीज आधीच करून ठेवावी.