कल्याणचें हरवलेलें बंदर

हरवलेलें बंदर शोधावयाचें म्हटलें कीं मनुष्य समुद्राकडे धांव घेतो. खोपटच्या विद्यार्थ्यांनीं मात्र समुद्राकडे पाठ करून ईशान्येस, उल्हास नदीच्या कांठीं वसलेल्या कल्याणकडे, पाहावें असें आम्ही सुचवितों. रोमन साम्राज्याच्या भरभराटीच्या काळीं परदेशचीं गलबतें ह्या बंदरीं येत असत.

याची साक्ष इ. स. च्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' ह्या ग्रीक पुस्तकांत आहे. मिसर देशांतून निघणाऱ्या व्यापाऱ्यांस कोणत्या बंदरीं कोणता माल खपेल व मिळेल, हें त्यांत सांगितलें आहे. भडोचच्या दक्षिणेस लेखक सोपारा व कल्याण यांचीं नांवें घेतो. कल्याण हें पूर्वीं रीतसर व्यापाराचें बंदर होतें. पुढें तें संदनीस नांवाच्या अधिपतीच्या हातीं गेल्यावर तेथील व्यापारास अटकाव झाला, आणि चुकून तेथें शिरलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचास नेण्यांत येऊं लागलीं, असें तो लिहितो.

पैठण व तेर येथील माल गाड्यांनीं आडवाटेनें दूरच्या भडोचास जाई, हेंही तोच सांगतो. नाणेघाट उतरून कल्याण गांठणें किती जवळचें ! पण दारच बंद असेल तर जवळची वाट काय कामाची ?

राजाज्ञेनें मिटलेलें दार पुन्हा उघडतें. सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाच्या ग्रीक प्रवाशानें 'कल्लियाना' ह्या व्यापारी बंदराचा व तेथील ख्रिस्ती बिशपाचा उल्लेख केला आहे. तें कल्याणच, असें बहुतेक विद्वान मानतात. गाळ मात्र अशी दया करीत नाहीं. पावसाळ्यांत नदी सह्याद्रीची माती वाहून आणते. भरतीच्या पाण्याशीं गांठ पडतांच तिचा वेग मंदावतो व माती तळाशीं बसते. पौलाच्या पत्रामुळें आपल्या परिचयाच्या झालेल्या इफिस नगराचें बंदर असेंच बुजलें; त्याचे अवशेष आज समुद्रापासून कांहीं मैल आंत आहेत.

म्हणून बंदराचा पुरावा पुष्कळदां पाण्याबाहेर शोधावा लागतो. कल्याणच्या रहिवाशांनीं दिलेल्या दानांचे लेख कान्हेरीच्या डोंगरांत कोरलेले आहेत. सोपाऱ्यास पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं स्तूप खणला. त्याच वर्षीं तेथें अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सांपडला.

आज कल्याण-डोंबिवलींत जिकडे तिकडे इमारतींचे पाये खणले जात आहेत. त्या मातींतून जुनें खापर, मणी किंवा नाणें निघालें, तर तें मुकाट्यानें खिशांत घालूं नये. सांपडल्याची जागा व खोली त्याच दिवशीं लिहून ठेवावी आणि जाणत्या माणसास दाखवावें. दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणें हें १८७८ च्या कायद्यानें बंधनकारकही आहे. नाणें कोठें निघालें हें ठाऊक असेल तरच तें बंदराविषयीं साक्ष देतें. पालकांनींही मुलांस ही संवय लावावी. कारण एकदां पाया भरला, कीं त्याखालची जमीन पुन्हा कोण उकरणार?