गिअर पडेना, गाडी हलेना

हायब्रिड गाडीचं दुखणं गॅरेजच्या दारात येतं ते बहुधा एकाच वाक्यात. ‘काल रात्री छान चालवत आणली, आज गिअरच पडत नाही.’ डॅशबोर्डवर एरवी कधी न पाहिलेले दिवे लागलेले असतात, पडद्यावर लाल त्रिकोण असतो आणि मालकाच्या डोक्यात मोठ्या बॅटरीच्या किमतीचा आकडा फिरत असतो. मेकॅनिकचा संशय गिअरबॉक्सवर जातो. मला वाटतं, दोघांनीही जरा दम धरावा आणि आधी त्या गाडीतल्या सगळ्यांत साध्या वस्तूकडे जावं. ती म्हणजे बारा व्होल्टची बॅटरी. सुरुवात तिच्यापासूनच का करायची, हे समजून घ्यायला टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसएवढी चांगली गाडी नाही.

पहिली प्रियस १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये विक्रीला आली. २००३ मध्ये दुसरी पिढी आली आणि तिने गिअरची दांडी काढूनच टाकली. त्या जागी स्टिअरिंगजवळ, डॅशबोर्डवर, चिमटीत धरता येईल एवढी एक कळ बसवली. ती आडवी सरकवून वर ढकलली की आर, खाली ओढली की डी. एन हवा असेल तर मधोमध क्षणभर धरून ठेवावी लागते. मूळ जागेवरून सरळ खाली ओढली की बी, म्हणजे घाट उतरताना इंजिनाचा ब्रेक. पीचं बटण वेगळं. हात सोडला की कळ आपसूक जागेवर परत येते, त्यामुळे गाडी कुठल्या गिअरमध्ये आहे हे कळीकडे बघून कधीच समजत नाही, ते मीटरवर वाचावं लागतं.

कळीखाली ना केबल आहे, ना सळई. तिथे चुंबक आहे आणि त्याची जागा ओळखणारे हॉल सेन्सर. उभी हालचाल मोजणारे वेगळे, आडवी मोजणारे वेगळे आणि दोन्हींच्या जोड्या. जोडीतले दोघेही एकच सांगत असतील तोवर संगणक हुकूम मानतो. दोघांच्या सांगण्यात तफावत आली की तो हुकूम नाकारतो आणि कोड नोंदवून ठेवतो. भरधाव पुढे जाणाऱ्या गाडीत कुणी चुकून आर टाकला, तर गाडी उलटी फिरायला बघत नाही. एनमध्ये जाते आणि बझर वाजवते. गाडीने गिअर नाकारणं हा दर वेळी बिघाड नसतो. पुष्कळदा तिला नाकारायला शिकवलेलं असतं, आणि शोध घेताना पहिला प्रश्न हाच हवा की ती कशामुळे नाकारते आहे.

शिवाय या गाडीत नेहमीच्या अर्थाने गिअर बदलतच नाहीत. इंजिन आणि दोन मोटर-जनरेटर एकाच ग्रहमालेला जोडलेले आहेत. मधल्या तीस दातांच्या सूर्यचक्राला पहिला मोटर-जनरेटर, ग्रहचक्रं धरणाऱ्या चौकटीला इंजिन आणि बाहेरच्या अठ्ठ्याहत्तर दातांच्या कड्याला दुसरा मोटर-जनरेटर. कड्याकडूनच चाकांना जोर जातो. ही चक्रं कायम एकमेकांत गुंतलेली असतात. क्लच नाही, पट्टे नाहीत. रिव्हर्स म्हणजे दुसरी मोटर उलटी फिरवणं. न्यूट्रल म्हणजे इन्व्हर्टरने दोन्ही मोटरींचा प्रवाह थांबवणं, म्हणूनच एनमध्ये उभ्या गाडीची मोठी बॅटरी चार्ज होत नाही. यांत्रिक म्हणावी अशी एकच गोष्ट उरते, ती पार्किंगचा खटका. तोसुद्धा एक छोटी मोटर ढकलते. ‘आर पडतो, डी पडत नाही’ अशा तक्रारीवर इथे ऑइल बदलून भागत नाही, आणि पी सुटतच नसेल तर त्या छोट्या मोटरीला पुरेशी वीज मिळते का, हे आधी पाहावं लागतं.

ती वीज बारा व्होल्टच्या बॅटरीतून येते.

मोठी बॅटरी मागच्या सीटमागे असते. १.२ व्होल्टचे १६८ सेल, सहा-सहाचे २८ मॉड्यूल, एकूण २०१.६ व्होल्ट. इन्व्हर्टरमधला बूस्ट कन्व्हर्टर तो दाब जास्तीत जास्त ५०० व्होल्टपर्यंत चढवतो. पण गाडी बंद असताना ही सगळी ताकद रिलेंच्या आड कुलूपबंद असते. ते रिले ओढून धरतो बारा व्होल्टचा प्रवाह. संगणक जागे होतात तेही त्याच्यावरच. खजिना कितीही मोठा असो, त्याची किल्ली पहारेकऱ्याच्या कनवटीला असते आणि पहारेकरी आजारी पडला की खजिना असून नसल्यासारखा होतो. ही छोटी बॅटरी प्रियसच्या डिकीत, उजव्या कोपऱ्यात, झाकणाआड आहे. ती पूर्ण उतरली तर डिकीही उघडत नाही, कारण डिकीचा खटकाही विजेवरच चालतो. म्हणून बॉनेटखाली फ्यूजच्या डब्यात बाहेरून करंट द्यायला एक टर्मिनल ठेवलेलं आहे. तिथे प्लस-मायनस उलटं लावलं तर मोठा फ्यूज आणि महागडी इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही जाऊ शकतात. घाईगर्दीत, मोबाइलच्या उजेडात हे काम करूच नये.

साध्या गाडीची बॅटरी मरायला टेकली की आधी सांगते. सेल्फ जड फिरतो, सकाळी कण्हतो, आपण समजून जातो. हायब्रिडला सेल्फच नाही. इंजिन फिरवतो पहिला मोटर-जनरेटर, मोठ्या बॅटरीच्या जोरावर. छोट्या बॅटरीला फक्त संगणक उठवायचे आणि रिले ओढायचे असतात, त्यामुळे ती बरीचशी संपलेली असली तरी महिनोन्‌महिने निभावून नेते. मग गाडी दोन-तीन आठवडे उभी राहते किंवा आतला दिवा रात्रभर चालू राहतो आणि एका सकाळी व्होल्टेज इतकं खाली येतं की काही संगणक उठतात, काही अर्धवट उठतात. जे उठतात ते बाकीच्यांना हाका मारतात. उत्तर आलं नाही की ‘संपर्क तुटला’ असे कोड नोंदवतात. स्कॅनरवर ब्रेक, स्टिअरिंग, ट्रान्समिशन, हायब्रिड असे चारही बाजूंनी कोड दिसतात. ती यादी बघून एकेक भाग बदलायला घेतला, तर मालकाचं दिवाळं निघेल आणि गाडी तशीच राहील.

यावरचा उपाय खर्चिक नाही. साधा मीटर घ्यावा. गाडी काही तास बंद असताना बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसायला हवं. १२ च्या खाली असेल तर तिच्यात फारसं काही उरलेलं नाही. मग ब्रेक दाबून पॉवरचं बटण दाबावं आणि हिरवा रेडीचा दिवा लागल्यावर पुन्हा बघावं. आता आकडा पावणेचौदा-चौदाच्या घरात गेला, तर चार्जिंग व्यवस्थित आहे. इथे अल्टरनेटर नाही, मोठ्या बॅटरीचा दाब उतरवून छोटीला देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर आहे आणि तो रेडी झाल्यावरच काम करतो. मीटर हाताशी नसेल तर प्रियसच्या पडद्यामागे एक छुपी सोय आहे. पडद्याशेजारचं बटण दाबून धरायचं आणि पार्किंग लाइट तीनदा चालू-बंद करायचे. तपासणीचा मेनू उघडतो आणि त्यात बॅटरीचं व्होल्टेज वाचता येतं. हेडलाइट, मागची काच तापवणारी तार आणि पंखा लावून तो आकडा कसा घसरतो ते बघावं. स्थिर व्होल्टेज फसवतं, लोडवरचं फसवत नाही.

रेडी न होण्याचं आणखी एक कारण ड्रायव्हरच्या पायाशी असतं. ब्रेक न दाबता बटण दाबलं तर पडदा लागतो, रेडिओ वाजतो, एसीचा पंखाही फिरतो. गाडी चालू झाली असं वाटतं, पण डी टाकला की ती ढिम्म. अशी दहा-वीस मिनिटं बसलं तर छोटी बॅटरी तेवढ्यात उतरते. ब्रेक दाबूनही हेच होत असेल तर मागचे ब्रेक लाइट लागतात का ते कुणाला तरी बघायला सांगावं. पेडलवरचा स्विच खराब असेल तर पाय ब्रेकवर आहे हे संगणकाला कळतच नाही.

कधी होतं, कधी होत नाही, असं दुखणं सगळ्यांत छळतं. त्याच्यामागे बहुधा जोड असतो. टर्मिनलवर धरलेला हिरवट गंज, सैल अर्थ, पाणी शिरलेला कनेक्टर. या पिढीच्या प्रियसमध्ये मीटरचा कन्सोलही दगा देतो. चालत्या गाडीत वेगाचा आकडा, गिअरचं अक्षर, सगळं अंधारात जातं. गाडी चालत राहते, पण चालवणाऱ्याला काही दिसत नाही आणि कधी कधी ती बंदही होत नाही. अनेकदा मूळ असतं आतल्या एका जुन्या कपॅसिटरमध्ये. सोल्डरिंग जाणणारा माणूस तो बदलू शकतो, पण त्यासाठी आधी दोष मीटरचा आहे हे ओळखणारा माणूस हवा.

अशा शोधाला वेळ द्यावाच लागतो. ताकेशी उचियामादा यांच्या हाताखाली पहिली प्रियस घडत होती तेव्हा १९९५ च्या अखेरीचा नमुना ४९ दिवस जागचा हललाच नव्हता. कुठे अडतं आहे ते शोधता शोधता ते दिवस गेले, आणि हलला तेव्हाही पाचएकशे मीटर जाऊन थांबला. गाडी बनवणाऱ्यांना जिथे इतका धीर धरावा लागला, तिथे आपण अर्ध्या तासात ‘बॅटरी पॅक गेला’ असा निकाल देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

आता जोर कमी होण्याच्या तक्रारी. मोठ्या बॅटरीला थंड हवा पुरवणारा पंखा मागच्या सीटच्या बाजूच्या जाळीतून केबिनमधली हवा ओढतो. तिथे धूळ, कापसाचे तंतू, कुत्र्याचे केस साचतात. बॅटरी तापली की गाडी स्वतःच जोर आवरते. सीटवर टाकलेल्या पिशव्यांनी ती जाळी झाकली गेली तरी हेच होतं. पुढे ‘पी०ए८०’ हा कोड येतो आणि त्याचा अर्थ ‘पॅक बदला’ असा सांगितला जातो. संगणक १४ गटांचं व्होल्टेज सतत ताडून पाहतो आणि एखादा गट मागे पडला की हा कोड टाकतो. तो गट खरोखर कमजोर असेल किंवा मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर गंज चढला असेल. दोन्ही शक्यता वेगळ्या आहेत आणि पॅक उघडून पाहिल्याशिवाय त्या वेगळ्या करता येत नाहीत. अर्थात तो उघडायचा तर उच्च दाबाची वीज वाहणाऱ्या नारिंगी केबलचे सगळे नियम पाळून. सर्व्हिस प्लग काढायचा, कपॅसिटर रिकामे व्हायला थांबायचं, हजार व्होल्टचे हातमोजे घालायचे. प्रशिक्षण नसलेल्याने त्या केबलला हात लावूच नये, तिथे चूक झाली तर जीव जातो.

इन्व्हर्टरचं स्वतःचं वेगळं कूलंट असतं आणि ते फिरवणारा छोटा विजेचा पंप बंद पडला की ‘पी०ए९३’ येतो. २०१२ च्या नोव्हेंबरात टोयोटाने हायब्रिड गाड्यांचे असे सुमारे ६ लाख ३० हजार पंप जगभरातून तपासायला बोलावले. ओळख सोपी आहे. रेडी करून कूलंटच्या टाकीत डोकवावं, पाणी खळबळत असेल तर पंप फिरतो आहे.

काही दुखणी मात्र गॅरेजच्या आवाक्याबाहेरची असतात. २००५ च्या ऑक्टोबरात टोयोटाने अमेरिकेतल्या ७५ हजार प्रियसना सॉफ्टवेअर बदलून देण्यासाठी बोलावलं, कारण चालता चालता इंजिन बंद पडत होतं. २०१४ च्या फेब्रुवारीत तिसऱ्या पिढीच्या १९ लाख गाड्या जगभरातून बोलावल्या. तिथे बूस्ट कन्व्हर्टरच्या सॉफ्टवेअरमुळे ट्रान्झिस्टर जास्त तापून गाडी थांबण्याचा धोका होता. जोर अचानक गेल्याची तक्रार घेऊन आलेल्या गाडीचा चॅसी नंबर कंपनीच्या यादीत तपासणं हे कामाचा भागच आहे.

२०२२ पासून आपल्याकडे टोयोटा हायरायडर, मारुतीची ग्रँड विटारा, होंडा सिटी हायब्रिड या गाड्या सर्रास रस्त्यावर आल्या आहेत, आणि वॉरंटी संपली की त्या कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये येणार आहेत. तिथला साधा स्कॅनर बहुतेक वेळा इंजिनाच्या संगणकाशीच बोलतो आणि ‘दोष नाही’ म्हणतो. हायब्रिडचा, बॅटरीचा, ब्रेकचा संगणक वेगळा. त्यांच्याशी बोलू शकेल असा स्कॅनर हवा. कोड पुसण्याआधी त्याच्यासोबत नोंदलेले आकडे उतरवून घ्यायलाच हवेत, कारण पुसलं की तेही जातात. पावसाळ्यात बॉनेटखाली आसरा घेणाऱ्या उंदरांनी वायर कुरतडल्या आहेत का, हेही बघावं.

एक गोष्ट मात्र एसीची कामं करणाऱ्यांना कळकळीने सांगावीशी वाटते. या गाड्यांचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर चालत नाही, उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि त्याच्या मोटरीची वेटोळी तेलातच असतात. साध्या गाडीचं पीएजी तेल त्यात गेलं तर विजेला बॉडीकडे वाट मिळते. गाडी गळती ओळखते, ‘पी०एए६’ नोंदवते आणि बंद केल्यावर पुन्हा रेडी व्हायला नकार देऊ शकते. प्रियसमध्ये या कोडसोबत तीन आकडी उपसंकेत येतो. ६११ म्हणजे एसीची बाजू, ६१२ मोठी बॅटरी, ६१३ मोटरी. तो न वाचता लोक पॅक उघडून बसतात. आणि दोष असतो मागच्या उन्हाळ्यात गॅस भरणाऱ्या मशीनमध्ये, जिच्यातून आधीच्या दहा गाड्यांचं उरलेलं तेल या गाडीत आलं. हायब्रिडसाठी मशीन वेगळी ठेवावी किंवा नळ्या पूर्ण धुऊन घ्याव्यात, आणि कॉम्प्रेसरवरच्या लेबलावर लिहिलेलंच तेल घालावं.