दप्तर सरकारचे, जोखीम उमेदवाराची

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची अराजपत्रित गट ब व गट क सेवांची संयुक्त पूर्वपरीक्षा 30 एप्रिल 2023 रोजी व्हावयाची होती. तिला जेमतेम आठवडा उरला असताना 94,195 उमेदवारांची प्रवेशपत्रे टेलिग्रामवरील एका वाहिनीवर उघडी पडली. ती एका बाह्य दुव्यातून मिळविण्यात आली, तो दुवा बंद केला आहे आणि प्रश्नपत्रिका सुरक्षित आहे, असा खुलासा आयोगाने केला. पोलिसांनी एका तरुणाला अटक केली, परीक्षा ठरल्या दिवशी पार पडली आणि विषय संपला असे सर्वांनी मानले. वस्तुतः तो तेथून सुरू व्हावयास हवा होता.

नारायण पेठ आणि सदाशिव पेठ येथील अभ्यासिकांतून गावाकडच्या पैशांवर दिवस काढणाऱ्या तरुणांच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नव्हती. प्रवेशपत्र हा नुसता कागद नव्हे. परीक्षार्थी कोण आणि त्याने कोठे बसावयाचे हे त्यावरून ठरते. ते त्रयस्थाच्या हाती पडणे म्हणजे तोतयेगिरीला आणि फसव्या निरोपांना आमंत्रण होय. शिवाय ही माहिती उमेदवाराने खुशीने दिलेली नसते. ती दिल्यावाचून अर्जच स्वीकारला जात नाही. जे सक्तीने घेतले ते सांभाळण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते, हे सांगावयास कोणा शास्त्राचा आधार नको.

अशा घटना ऐकल्या की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे अलौकिक बुद्धीचा चोर उभा राहतो. प्रत्यक्षात पुष्कळदा दार उघडेच असते. जुन्या कचेरीत कोणी सेवापुस्तक मागितले, तर कारकून दोन प्रश्न विचारीत असे : आपण कोण, आणि हे पुस्तक आपले आहे काय? पहिला प्रश्न ओळखीचा, दुसरा अधिकाराचा. संगणकाच्या खिडकीवर पहिला प्रश्न हटकून विचारला जातो. त्यासाठीच पासवर्ड असतो. दुसरा मात्र अनेकदा राहून जातो. मग कागदाच्या पत्त्यात शेवटी असलेल्या क्रमांकात एकाची भर घातली की शेजाऱ्याचा कागद समोर येतो. काही ठिकाणी तर पहिलाही प्रश्न विचारला जात नाही. पत्ता कोणाला ठाऊक नाही, एवढ्याच भरवशावर दप्तर उघडे राहते. कारकुनाला जे उपजत कळत होते, ते यंत्राला प्रत्येक कागदापाशी लिहून सांगावे लागते. ओवास्प ही जागतिक संस्था संकेतस्थळांतील प्रमुख दोषांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करते. 2017 च्या यादीत अधिकार-तपासणीचा हा दोष पाचवा होता. 2021 मध्ये तो पहिल्या क्रमांकावर आला.

हा दोष केवळ बाहेरच्यांपुरता नाही. 2025 साली नागपूर विभागात उघडकीस आलेल्या शालार्थ प्रकरणात बनावट नेमणुकांच्या आधारे शिक्षकांचे ओळख क्रमांक तयार करून सरकारी तिजोरीतून वेतन उचलल्याचे समोर आले. तेथे कुलूप फोडण्याची गरजच नव्हती. प्रश्न किल्ली कोणी आणि कशी वापरली याचा होता. एकच पासवर्ड चौघांत फिरत असेल, तर कागदावर सही एकाची, हात दुसऱ्याचा आणि निलंबन तिसऱ्याचे, अशी गत होते. प्रामाणिक कारकुनालाही यापासून संरक्षण हवे आहे.

दोष इतका परिचित, आणि उपायही फारसा खर्चिक नाही, तर तो टिकून का राहतो? याचे उत्तर तंत्रशास्त्रापेक्षा अर्थशास्त्रात सापडते. केंब्रिजचे संगणकतज्ज्ञ रॉस अँडरसन यांनी 2001 मध्ये एका निबंधात बँकांच्या रोकड यंत्रांचा दाखला दिला होता. अमेरिकेत व्यवहाराबद्दल वाद झाल्यास ग्राहक चुकला हे बँकेला सिद्ध करावे लागे. ब्रिटनमध्ये बोजा ग्राहकावर पडे. परिणामी ब्रिटिश बँका गाफील राहिल्या आणि तेथे फसवणूक बोकाळली. ज्याच्या हाती कुलूप आहे त्याला चोरीची झळ लागत नसेल, तर कुलूप चांगले बसत नाही, हे त्याचे तात्पर्य.

आपल्याकडे नेमके हेच घडते. माहिती फुटली तर झळ उमेदवाराला लागते. कार्यालयाचे अंदाजपत्रक रुपयानेही कमी होत नाही. कंत्राट सर्वांत कमी दराच्या निविदेला देण्याकडे कल असतो, आणि सुरक्षितता डोळ्यांना दिसत नसल्याने काटछाट प्रथम तिच्यातच होते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतील हयगयीसाठी 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. परंतु ती रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होणार. ज्याची माहिती फुटली त्याच्या पदरी काही पडत नाही. शिवाय देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादी कारणांसाठी सरकारी यंत्रणांना या कायद्यातून वगळण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला आहे.

राज्य सरकारला यासाठी दिल्लीकडे डोळे लावून बसण्याचे कारण नाही. कोणतीही प्रणाली स्वीकारण्यापूर्वी तिची त्रयस्थाकडून तपासणी व्हावी आणि तोवर कंत्राटदाराच्या देयकाचा मोठा हिस्सा रोखून धरावा. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र किल्ली असावी. कोणता कागद कोणी, केव्हा पाहिला याची नोंद राहावी आणि ती संबंधित नागरिकाला पाहता यावी. माहिती फुटल्यास ज्याची त्याला लेखी सूचना मिळावी. वृत्तपत्रांतील खुलासा ही तिची जागा घेऊ शकत नाही.

याखेरीज, प्रामाणिकपणे त्रुटी दाखवून देणाऱ्याला अभय हवे. नेदरलँड्सच्या सरकारने 2013 मध्येच त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तेथे सरकारी संकेतस्थळातील दोष कळविणाऱ्याला भेट म्हणून एक सदरा पाठविला जातो. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात अशा माणसाला स्पष्ट संरक्षण नाही. त्यामुळे सज्जन गप्प बसतो आणि दोष दुर्जनाच्या उपयोगी पडतो.

दप्तर कागदाचे असो वा विजेचे, ते राखणे हे राज्यकारभाराचे मूळ कर्तव्य आहे. उमेदवाराची माहिती उघडी पडली तर तिची किंमत कार्यालयालाही मोजावी लागेल, अशी व्यवस्था जोवर होत नाही, तोवर दुवे बंद होत राहतील आणि दारे मात्र उघडीच राहतील.