जड चाकाचा आरंभ आणि वेग

विजेची मोटार म्हटली की बटण दाबले आणि चाक फिरले, एवढेच आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते. घरातील पंख्यापुरते ते ठीकच आहे. परंतु सिमेंटच्या कारखान्यातील दळणयंत्र किंवा गोदीवरील यारी चालवावयाची असेल, तर आरंभ हाच कसोटीचा क्षण असतो. त्याचाच विचार येथे आम्ही करणार आहोत.

अशा मोटारीच्या स्थिर भागातील वेटोळ्यांत वीज सोडली की एक चुंबकीय क्षेत्र गोल फिरू लागते. आतील फिरता भाग, म्हणजे रोटर, त्याच्या मागे धावतो. पण त्याला कधीच गाठीत नाही. गाठले तर रोटरमध्ये वीज उत्पन्न होणार नाही आणि ओढही संपेल. ह्या मागे पडण्याला आपण ‘घसर’ म्हणू. आपल्याकडील ५० आवर्तनांच्या विजेवर चार ध्रुवांच्या मोटारीचे क्षेत्र मिनिटास १५०० फेरे घेते, तर पूर्ण भाराखाली रोटर साधारण १४४० फेरे घेतो.

आरंभी रोटर स्थिर, म्हणजे घसर संपूर्ण. साध्या मोटारीचा रोटर हा सळयांचा बंद पिंजराच असतो. तिला एकदम वीज दिली तर ती नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते, आणि त्या मानाने तिची ओढ मात्र बेताचीच असते. ह्यावर उपाय म्हणून १८९० च्या सुमारास डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की ह्या अभियंत्याने रोटरवर तारेची वेटोळी गुंडाळली, त्यांची टोके आसावरील तीन कड्यांना जोडली आणि ब्रशांच्या द्वारे बाहेरचा रोध त्या मंडलात आणला. हीच आपली स्लिपरिंग मोटार.

रोध घातल्याने प्रवाह कमी होतो हे उघड आहे. पण ओढ वाढते ती कशी? झोपाळ्याला भलत्या वेळी दिलेला जोराचा धक्का वाया जातो, आणि नेमक्या क्षणी दिलेला हलका धक्का कामी येतो. तसाच रोधामुळे रोटरमधील प्रवाह क्षेत्राशी ताल धरतो. चाकाने वेग घेतला की रोध टप्प्याटप्प्याने काढून घेतात आणि शेवटी कड्या एकमेकींशी जोडून टाकतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नुसते जड चाक स्थिर स्थितीतून पूर्ण वेगास न्यावयाचे असेल, तर चाकात जितकी गतिज ऊर्जा साठते, जवळजवळ तितकीच उष्णता रोटरच्या मंडलात निर्माण होते. रोध ती टाळू शकत नाही. तो तिची जागा बदलतो. मोटारीच्या पोटात जळणारी ऊर्जा बाहेरच्या पेटीत जळते आणि मोटार वाचते.

हाच रोध कायम ठेवला तर वेगही कमी राखता येतो. परंतु ही सोय महाग पडते. १५०० ऐवजी ७५० फेऱ्यांवर मोटार चालविली, तर रोटरला पोचणाऱ्या शक्तीपैकी निम्मी रोधाच्या उष्णतेत जाते. शिवाय भार हलका झाला की वेग पुन्हा चढतो. यारीला क्षणभर हळू चालावयाचे असते, तेथे हे चालते. दिवसरात्र चालणाऱ्या पंपाला नाही. नगरपालिकेच्या पंपाचे वीजबिल अखेर आपणच भरतो!

म्हणून क्रेमर आणि शेर्बियस यांनी घसरीची ही शक्ती न जाळता परत कामास लावण्याच्या योजना काढल्या. पुढे अर्धवाहक उपकरणांनी ते काम सोपे केले. आज विजेची आवर्तनेच कमीजास्त करणाऱ्या उपकरणांमुळे साध्या पिंजरा मोटारीचाही वेग आवरता येतो, आणि अनेक ठिकाणी स्लिपरिंग मोटारीची जागा तिने घेतली आहे. तरीही अनेक मोठ्या पवनचक्क्यांच्या जनित्रांत गुंडाळलेला रोटर आणि त्या तीन कड्या आजही दिसतात. वारा बदलला तरी जनित्र जाळ्याशी जोडलेले राहते ते त्यांच्याच बळावर.

तेव्हा वेग कमी करण्याची कोणतीही युक्ती कोणी सुचविली, तर आपण एवढेच विचारावे: उरलेली शक्ती जाते कोठे?