जुन्या डेस्कटॉप संगणकातील आवाज करणारा पंखा : कारणे व बदलण्याची पद्धती

प्रस्तावना :
महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत, ग्रंथालयांत व कार्यालयांत दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे डेस्कटॉप संगणक आजही टंकलेखन, नोंदी व छपाई यांसाठी वापरात असलेले दिसतात. असा संगणक घरघर करू लागला की तो निकामी झाल्याचे गृहीत धरून त्याची रवानगी अडगळीत केली जाते. वस्तुतः अनेकदा बिघाड एका लहानशा पंख्यापुरता मर्यादित असतो. याउलट, काही दिवस चाललेला आवाज एके दिवशी आपोआप थांबला की वापरणारा निश्चिंत होतो. परंतु त्या दिवशी पंखाच अडकून बंद पडलेला असू शकतो. म्हणून आवाजापेक्षा अचानक आलेली शांतता अधिक धोक्याची ठरते. प्रस्तुत लेखात या बिघाडाची कारणे व त्यावरील उपाय यांचे विवेचन केले आहे.

आवाजाची कारणे :
संगणकातील पंखा सामान्यतः १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालतो. स्वस्त पंख्यांत आस एका लहान नळीवजा धारव्यात फिरतो. उष्णतेने त्यातील वंगण कालांतराने सुकते, धारवा झिजतो, आस डळमळतो आणि घरघर सुरू होते. अशा पंख्यात तेलाचा थेंब टाकल्यास आवाज काही काळ कमी होतो. मात्र झीज भरून येत नाही. दुसरे कारण धूळ हे होय. हीटसिंकच्या पात्यांत धूळ साचली की उष्णता बाहेर पडत नाही व पंखा अधिक वेगाने फिरू लागतो. अशा वेळी केवळ सफाई पुरेशी ठरते. कधी एखादी सैल वायर पात्यांना घासत असते.

टकटक असा आवाज हार्ड डिस्कमधूनही येऊ शकतो. तसा संशय असल्यास सर्वप्रथम माहितीची प्रत अन्यत्र घ्यावी.

पंख्याची निवड :
जुन्या पंख्याच्या चौकटीची बाजू मोजावी. ८०, ९२ व १२० मिलिमीटर ही प्रचलित मापे आहेत. त्यानंतर जोडणी पाहावी. तीन पिनांच्या जोडणीत दोन तारा विद्युतपुरवठ्याच्या असतात व तिसरी पंख्याच्या वेगाची माहिती मदरबोर्डला देते. चौथी तार असल्यास तिच्याद्वारे वेग नियंत्रित होतो. तीन पिनांचा पंखा चार पिनांच्या जागी बसतो. परंतु बहुधा तो पूर्ण वेगाने फिरतो. काही कंपन्यांच्या संगणकांत तारांचा क्रम वेगळा असल्याने तो जुळवून पाहणे आवश्यक ठरते. बॉल बेअरिंगचा किंवा द्रव धारव्याचा पंखा साध्या पंख्यापेक्षा सामान्यतः अधिक टिकतो.

बदलण्याची पद्धती :
१. संगणक बंद करून वीजपुरवठ्याची केबल काढावी. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर विद्युत उतरवावी.
२. धूळ मऊ ब्रशने काढावी. ब्लोअर वापरताना पाती बोटाने धरून ठेवावीत.
३. पंखा काढण्यापूर्वी वाऱ्याची दिशा नोंदवावी. सामान्यतः ज्या बाजूस आधारपट्ट्या व लेबल असते, त्या बाजूने हवा बाहेर पडते. मागील पंख्याने हवा कॅबिनेटबाहेर टाकली पाहिजे.
४. प्रोसेसरचा पंखा स्क्रूने बसविलेला असल्यास हीटसिंक न हलविता तो बदलता येतो. हीटसिंक काढावा लागल्यास जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी पातळ लावावी. वाळलेल्या पेस्टमुळे काही जुन्या सॉकेटांतील प्रोसेसर हीटसिंकसोबत उपटला जातो. म्हणून संगणक काही मिनिटे चालवून, बंद करून, हीटसिंक हलकेच फिरवून मोकळा करावा.
५. प्रोसेसरच्या पंख्याची जोडणी त्याच्यासाठी असलेल्या पिनांवरच करावी. अन्यथा सुरू होताना पंख्यासंबंधी त्रुटीचा संदेश येऊ शकतो.
६. बंद करण्यापूर्वी पंखा फिरत असल्याची खात्री करावी व बायोसमध्ये त्याचा वेग आणि तापमान पाहावे.

एसएमपीएसमधील पंखा मात्र स्वतः उघडू नये. केबल काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार शिल्लक राहू शकतो. तो तंत्रज्ञाकडे सोपवावा अथवा संपूर्ण एसएमपीएस बदलावा.

दुर्लक्षाचे परिणाम :
२००० साली आलेल्या पेंटियम ४ पासून इंटेलचे प्रोसेसर अतितप्त झाल्यास आपली गती कमी करतात. त्यामुळे पंखा बंद पडल्याचे लगेच लक्षात येत नाही. संगणक ‘जुना झाल्यामुळे मंद’ वाटतो किंवा मध्येच बंद पडतो. उष्णतेने मदरबोर्डवरील कपॅसिटरचे आयुष्यही घटते.

समारोप :
पंख्याचा आवाज हा संगणकाचा शेवट नसून वेळेवर मिळालेली सूचना होय. संगणक निर्लेखित करण्याच्या यादीत घालण्यापूर्वी कॅबिनेट उघडून पाहिल्यास चालू स्थितीतील यंत्र वाचते व ई-कचऱ्यातही भर पडत नाही. काढलेला जुना पंखा मात्र नेहमीच्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यातच जमा करावा.