समोर कोण बसलंय? अंतरवाली सराटीच्या परिसरात भाषण करताना

अंबड तालुक्यातल्या एका वस्तीत आम्ही संविधान दिनाला बोलायला गेलो होतो. विषय घरूनच ठरवून नेला होता: अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण आणि १ ऑगस्ट २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. वीस मिनिटांचं टिपण, त्यात एमएच्या वर्गात शिकलेले सगळे जड शब्द. विहारासमोर जाऊन पाहतो तर म्हाताऱ्या आज्या, शाळकरी पोरं आणि दोन-चार दुकानदार. तरणी माणसं दिवाळी होताच कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली. २६ नोव्हेंबरला या वस्तीत कोण असतं, एवढी साधी चौकशी आम्ही केली नव्हती. तरीही टिपण वाचून काढलं. शेवटी एक आजी म्हणाल्या, "लेकरांनो, लई शिकलेले दिसता. पण मशीनवर माझा अंगठा उठंना, राशन कसं घ्यावं ते सांगा."

आमच्याकडे उत्तर नव्हतं.

आपल्याकडे भाषणाची तयारी म्हणजे मुद्द्यांची तयारी असं समजलं जातं. वास्तविक तथागतांची परंपरा याच्या उलट आहे. आळवीतल्या एका गरीब शेतकऱ्याची कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. हरवलेला बैल शोधून तो उपाशीपोटी धम्म ऐकायला आला, तेव्हा तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला लावलं आणि मगच देशना सुरू केली. शेत नांगरणाऱ्या कसी भारद्वाजाशी बोलताना त्यांनी बी, पाऊस, नांगर याच शब्दांत आपली साधना सांगितली. दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदसात बसवण्याची परवानगी मागितली, ती त्यांनी नाकारली. लोकांनी आपापल्या बोलीत धम्म शिकावा असं सांगितलं. 'अनुपुब्बिकथा' हा शब्द आपण प्रवचनात ऐकतो. तिचा क्रमही ऐकणाऱ्याच्या तयारीवरच उभा आहे: आधी दान, शील यांविषयी बोलणं, आणि मन तयार झाल्याचं दिसल्यावर चार आर्यसत्यं.

पण श्रोता ओळखणं म्हणजे विषय पातळ करणं नव्हे. इथं आपले बरेच वक्ते घसरतात. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांसमोर बहुतेक शेतमजूर, कष्टकरी माणसं होती. त्यांना त्यांनी १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रसभेची गोष्ट सांगितली. या माणसांना हे कळणार नाही, असं त्यांनी धरलं नाही. त्याच महाडला स्त्रियांशी बोलताना मात्र विषय लुगडं नेसण्याच्या पद्धतीचा आणि अंगावरच्या दागिन्यांचा होता, कारण जात तिथं पेहरावातून ओळखली जात होती. १९३६ च्या मुंबईच्या महार परिषदेत धर्मांतर समजावताना गावातला रोजचा मार, बरे कपडे घातले म्हणून होणारा छळ, तांब्या-पितळेची भांडी वापरली म्हणून होणारा छळ, हे आधी आलं. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी सुरुवात केली ती लोकांच्या मनातल्या प्रश्नापासून: दीक्षेसाठी नागपूरच का? आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत हाच माणूस इंग्रजीत बोलला तो पूर्ण वेगळ्या बाजाने. भूमिका सगळीकडे एकच होती.

आता आमच्या शेजारच्या गावाचं उदाहरण घेऊ. मागणीशी आपण सहमत असू वा नसू, २९ ऑगस्ट २०२३ पासून अंतरवाली सराटीत जे घडलं ते कार्यकर्त्यांनी भाषेच्या बाजूनेही पाहावं. मनोज जरांगे पाटील कागद वाचत नाहीत. मराठवाड्याच्या बोलीत, छोट्या वाक्यांत, घरात बोलावं तसं बोलतात. 'सगेसोयरे' हा शब्दच बघा. सोयरीक जुळवताना घरोघर वापरला जाणारा हा शब्द जानेवारी २०२४ मध्ये शासनाच्या मसुद्यात जाऊन बसला. वंशावळ, नोंद, प्रमाणपत्र असा किचकट विषय शेतकऱ्याला त्या एका शब्दात कळला. आपल्या चळवळीकडे अलीकडे असा शब्द किती वेळा सापडला? आम्हाला तरी पटकन आठवत नाही.

याची दुसरी बाजूही याच रस्त्यावर आहे. अंतरवालीपासून जवळच वडीगोद्रीला जून २०२४ मध्ये ओबीसींचं उपोषण झालं. दोन्ही मंडप एकाच तालुक्यात, आणि दोन्हीकडे टाळ्या मिळवणारी वाक्यं वेगळी. आपल्याच माणसांसमोर टाळ्या घेणारं वाक्य शेजारच्या गल्लीत भीती होऊन पोचतं. आज ते पोचायला दहा मिनिटंही लागत नाहीत, कुणीतरी मोबाईलवर तेवढाच तुकडा पाठवतो. मंचावरून खाली उतरणारा वक्ता गाडीत बसून निघून जातो. मागे राहते ती गावकुसाबाहेरची वस्ती, जिला उद्या त्याच गावात मजुरीला जायचं असतं. २७ जुलै १९७८ च्या नामांतर ठरावानंतर मराठवाड्यातल्या वस्त्यांनी काय सोसलं, हे आपल्या घरातली मोठी माणसं सांगतात. म्हणून गप्प बसा असं आम्ही म्हणत नाही. पण न दिसणारा श्रोताही मोजा.

मिश्र सभेत 'जय भीम' म्हणावं का, असं तरुण मित्र विचारतात. म्हणावंच. तो लपवून मिळवलेली आपुलकी टिकत नाही. पण त्यानंतरचं पहिलं वाक्य समोरच्यांच्या जगण्याचं असावं: पीकविमा, सोयाबीनचा भाव, शाळेतली रिकामी मास्तरांची जागा. नातं जोडून बोलावं, मावशी, दादा, आजोबा. 'बहुजन बंधू-भगिनींनो' असं वरून फेकलेलं संबोधन कुणालाच लागत नाही.

आम्ही आता जाण्याआधी वस्तीतल्या एखाद्या ताईला फोन करतो. कोण येणार, कामावरून किती वाजता सुटतात, परवा गावात काही भांडण झालं का, लाईट किती वाजता जाते, एवढंच विचारतो. पोचल्यावर अर्धा तास आधी जाऊन चहा घेतो. निम्मं भाषण तिथंच बदलतं.

त्या वस्तीत आम्ही पुन्हा गेलो ते पट्टा पडल्यावर, बुद्ध पौर्णिमेला. जोडपी परत आली होती. उचल, मुकादमाचा हिशोब, फडावर पोरांची बुडालेली शाळा, यावरून सुरुवात करण्याचं ठरलं होतं. पण आजी पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. अंगठ्याबद्दल तहसीलच्या पुरवठा शाखेत आदल्या दिवशी जाऊन विचारून आलो होतो. भाषण तिथूनच सुरू केलं.