बेंड पाइपचा सांधा पक्का करा, गिऱ्हाईक टिकवा

जुन्या मोटारसायकलींची दुरुस्ती हा आजही अनेकांच्या घरची चूल पेटवणारा धंदा आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून येझदी बाहेर पडणे १९९६ साली बंद झाले. त्याच वर्षी यामाहा आरएक्स १०० थांबली. बिडाच्या इंजिनाची बुलेटही आता बनत नाही. जावा २०१८ साली आणि येझदी २०२२ साली नव्या रूपात आली खरी, पण तिचे इंजिन निराळे आहे. जुन्या गाड्या मात्र रस्त्यावर आहेत, त्यांचे मालक हौशी आहेत आणि चांगल्या कारागिराला योग्य दाम द्यायला ते तयार असतात. या गाड्यांचे एक नेहमीचे दुखणे म्हणजे धुराच्या नळीचा गळका सांधा. त्याविषयी आम्ही येथे चार कामाच्या गोष्टी मांडत आहोत.

आधी रोग ओळखा

सांधा गळू लागला की टू-स्ट्रोक गाडीत काळे, चिकट तेल बाहेर येते, ओढ कमी होते व पेट्रोल जास्त लागते. फोर-स्ट्रोक गाडीत गॅस सोडताच सायलेन्सरमध्ये फटफट आवाज होतो, कारण सांध्यातून बाहेरची हवा आत खेचली जाते. अनेकदा हा दोष कार्ब्युरेटरवर ढकलला जातो. कार्ब्युरेटर उघडला जातो, जेट बदलले जातात, गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि आवाज तसाच राहतो. असे गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

तपासणी सोपी आहे. इंजिन थंड असताना सांध्यावर साबणाचे पाणी लावावे, गाडी चालू करून सायलेन्सरचे तोंड जाड फडक्याने क्षणभर अर्धवट दाबावे. जेथे बुडबुडे उठतील तेथे गळती आहे. हे काम उघड्यावर करावे. शटर खाली ओढून गाडी चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नसतो, वास नसतो, आणि बंद जागेत तो जीव घेतो.

गाडीगणिक सांधा वेगळा

जुन्या येझदीला दोन बेंड पाइप असतात व ते सिलिंडरच्या तोंडाशी मोठ्या रिंग नटाने आवळलेले असतात. हा नट छन्नी-हातोड्याने फिरवण्याची वाईट सवय आपल्याकडे आहे. त्याने नटाचे पंख तुटतात आणि पुढे सिलिंडरचे आटे जातात. मग शंभर रुपयांचे काम हजारांवर जाते. योग्य मापाचा हूक पाना एकदा विकत घ्यावा, तो आयुष्यभर पुरतो. आरएक्स १०० व हिरो होंडा सीडी १०० यांत फ्लँज दोन ठिकाणी आवळलेली असते. जुन्या बुलेटचा पाइप हेडच्या तोंडात नुसता घट्ट बसवलेला असतो. तेथे पाइपाचे टोक झिजले असेल तर पेस्टचा थर चढवून भागत नाही, पाइपच बदलावा लागतो.

काम कसे करावे

गंजलेल्या नटावर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल टाकावे. खोलताना इंजिन थंड असावे. जुने पॅकिंग पूर्ण काढावे. पुष्कळदा दबून चपटी झालेली जुनी रिंग आतच चिकटलेली असते आणि तिच्यावरच नवी बसवली जाते, म्हणून गळती थांबत नाही. कार्बन खरवडून काढावा. फ्लँज सपाट काचेवर ठेवून पाहावी, वाकडी असल्यास कानशीने सरळ करावी.

तांब्याची रिंग शक्यतो नवीच घ्यावी. नवी मिळत नसेल व जुनी धड असेल तर ती लालबुंद तापवून पाण्यात टाकावी. तांबे पुन्हा मऊ होते व नीट दबते.

बेंड पाइप सायलेन्सरमध्ये पुरेसा आत गेला पाहिजे. बाहेरच्या नळीला चिरा असतील तर क्लॅम्प त्या चिरांवर बसावा. आवळल्यावर क्लॅम्पच्या दोन कानांत फट उरली पाहिजे. कान एकमेकांना टेकले तर क्लॅम्प मोठा आहे असे समजावे. उष्णता सोसणारी एक्झॉस्ट पेस्ट आतल्या नळीवर पातळ लावावी. जास्त लावलेली पेस्ट आत सांडते. लाल सिलिकॉन मागच्या सांध्यावर चालेल, इंजिनाच्या तोंडाशी जळून जाते. एम-सीलसारखा लगदा तर कोठेच वापरू नये.

सर्व नट-बोल्ट आधी सैल लावावेत. मग इंजिनाकडचा सांधा आवळावा. दोन नट असतील तर आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. त्यानंतर क्लॅम्प आणि सर्वांत शेवटी मागची पट्टी. पट्टी आधी आवळली तर पाइप ताणात राहतो व काही महिन्यांत तडकतो. गाडी दहा मिनिटे मंद चालवून बंद करावी आणि थंड झाल्यावर पुन्हा आवळावी. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर गिऱ्हाइकाला पुन्हा बोलवावे.

आपली छाती, गिऱ्हाइकाचा दंड

जुन्या पॅकिंगमध्ये व दोरीत ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन कर्करोग होतो आणि तो दिसून यायला अनेक वर्षे लागतात. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. गॅरेजमध्ये मात्र ही काळजी उस्तादालाच घ्यावी लागते. जुने पॅकिंग पाण्याने ओले करून काढावे, हवेच्या नळीने उडवू नये, हाताखालच्या पोराला ते कोरडे घासायला सांगू नये. ग्रॅफाइटचे किंवा काचतंतूचे पॅकिंग घ्यावे.

गिऱ्हाइकाच्या बाजूनेही हे काम महत्त्वाचे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १२० प्रमाणे आवाज कमी करणारा सायलेन्सर बंधनकारक आहे. आवाजाची वा धुराची मर्यादा मोडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, तेथेही फुटका आवाज नडतो.

म्हणून आमची कारागीर बांधवांना सूचना आहे की, काढलेली रिंग व क्लॅम्प गिऱ्हाइकाच्या हाती द्यावेत, काय बदलले ते साध्या चिठ्ठीवर लिहावे आणि पुन्हा आवळून देण्याचे वेगळे पैसे घेऊ नयेत. या फेरीत दहा मिनिटे जातात, पण तोच गिऱ्हाईक पुढे इंजिनाचे मोठे काम घेऊन आपल्याच दारात येतो.